शामच्या चहाचे हेड

मार्च महिन्यात मारोतराव काकाजींच्या घरचे मीठ संपले, की एक एप्रिल उजाडेपर्यंत भाजी अळणी. एकदा मी न राहवून म्हटले, "काकाजी, साखरेचे पैसे उरले आहेत ना?"

"साखरेचे पैसे मिठाले नाई लावता येत, सूनबाई. हेड वेगळं आहे."

हेड म्हणजे खर्चाचा रकाना. आमच्या या शेजाऱ्यांनी हिंगणघाटच्या कचेरीत जन्मभर सरकारी हिशेब लिहिले आणि रिटायर झाल्यावर घरालाच बजेट लावले. उरलेला पैसा एकतीस मार्चला बुडतो, हा दुसरा नियम. एका वर्षी साबणाचे पैसे उरले, तर त्या संध्याकाळी बावीस वड्या घेऊन आले. काकू म्हणाल्या, "आता धुवू कोणाले? तुमालेच?"

त्यात पंचायतीची निवडणूक आली आणि अल्लीपूरचे दोन तुकडे झाले. एक पॅनल छत्रीचे, एक कपबशीचे. कपबशीवाले पावसात भिजत जात, पण छत्री उघडत नसत. काकाजी छत्रीचे, त्यांनी घरातल्या कपबशा माळ्यावर टाकल्या. समोर राहणारे त्यांचे धाकटे भाऊ शामराव कपबशीचे. रोज चारला चहाला यायचे, ते बंद झाले. बोलणेही बंद. आमच्या घरचे पॅनल कोणते, ते मी अजून कोणाला सांगितलेले नाही.

तरी दर बजेटात काकाजी 'शामचा चहा' लिहीत. चौथ्या मार्चात काकूंनी त्यावर बोट ठेवले. "तीन वर्षं खर्च नाई झाला, त हेड बंद होते. तुमचाच नियम. काटा."

काकाजींनी पेन उचलला, खाली ठेवला आणि मला हाक मारली. "सूनबाई, हा चहा समोर देऊन येजो. काई बोलू नको. खर्च झालेला दाखवाचा आहे, बस." सोबत पावती दिली.

शामरावांनी चहाकडे पाहिले, पावतीकडे पाहिले. "हा दादा नाई सुधरणार," म्हणाले आणि दोन्ही हातांनी ग्लास धरून उभ्याउभ्याच प्याले. "सही कुठं करू?"

पावती काकाजींनी उजेडात धरली. अक्षरे वाकडीतिकडी, ओळीखाली घसरलेली.

"त्याचा हात हालते काय वं?"

"दोन वर्षं झाले, काकाजी."

"मले काऊन नाई सांगतलं कोणी?"

काकाजी उठले आणि भर उन्हात अनवाणीच रस्ता ओलांडून गेले.