नऊ गैरहजर

तिसरा तास सुरू झाला की अकरावी वाणिज्यच्या वर्गातली ब्याऐंशी मुलं हिंदीसाठी जागच्या जागी बसून राहायची आणि प्रणाली एकटी दप्तर उचलून वरच्या मजल्यावरच्या संगणक खोलीत जायची. माहिती तंत्रज्ञान हा विषय त्या वर्षी तिच्याशिवाय कुणीच घेतला नव्हता. मुरुडची मुलं एकमेकांना बालवाडीपासून ओळखत होती. एकाने हिंदी घेतलं म्हणून दुसऱ्याने घेतलं आणि असं करत करत सगळी तिकडेच गेली. प्रणाली तळा गावाच्या पलीकडच्या एका खेड्यातली. तिला विचारणारं कुणी नव्हतं आणि सांगणारंही.

ती आत्याकडे राहायची. बायजाआत्या एका लॉजवर स्वयंपाकाला होती. प्रणाली उठायच्या आत ती कामावर गेलेली असायची आणि पर्यटकांची पापलेटं तळून इतकी दमून परतायची की, "जेवलीस का गो?" एवढं विचारून उत्तर यायच्या आत डोळे मिटायची.

संगणक खोलीत बारा संगणक होते. त्यातले चार चालू होते, बाकीच्यांवर जुन्या पडद्यांचं कापड टाकलेलं होतं. शिकवणारे अल्पेश सर बहिणीच्या लग्नासाठी पंधरा दिवस रजेवर गेले होते आणि जाताना प्रात्यक्षिकांची यादी भिंतीला चिकटवून गेले होते. त्यातलं चौथं असं होतं: 'आपल्या वर्गातील दहा विद्यार्थ्यांच्या माहितीचा तक्ता तयार करा.'

वर्गात विद्यार्थिनी एक. प्रणालीने पहिल्या ओळीत स्वतःचं नाव घातलं आणि बराच वेळ पंख्याची घरघर ऐकत बसली. मग तिने दुसऱ्या ओळीत दिपाली असं लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात, 'शेजारी बसते.' हेमालीपुढे लिहिलं, 'गाते, पण आग्रह करावा लागतो.' विनेशपुढे, 'फार बडबडतो.' प्रज्योतला तिने चौऱ्याण्णव टक्के दिले आणि लिहिलं, 'हुशार. इतरांना मदत करतो.' स्वतःला एकसष्टच दिले, कारण स्वतःला जास्त देणं बरं दिसलं नसतं. मोबाईलच्या रकान्यात आत्याच्याच नंबरातले शेवटचे दोन-तीन आकडे बदलत गेली. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ती निकेतला कुठला खेळ आवडत असेल याचा विचार करत होती.

प्रिंटर खाली कार्यालयात होता; तक्ता पुरा करून तिने तो तिकडे छापायला पाठवला. तिथे बसणाऱ्या दत्तात्रेय भाऊसाहेबांच्या टेबलावर त्याच सकाळी संस्थेचं पत्र आलेलं होतं: माहिती तंत्रज्ञानाला दहा विद्यार्थी नसतील तर विषय महिनाअखेर बंद करावा, यादी तातडीने पाठवावी. आता ती यादी कुठे शोधायची म्हणून भाऊसाहेब चष्मा पुसत होते, तेवढ्यात प्रिंटरने आपणहून यादी बाहेर काढली. नोकरीच्या बत्तीस वर्षांत असं कधी घडलं नव्हतं. त्यांनी शिक्का मारला, प्राचार्यांची सही घेतली आणि कागद रवाना केला.

प्रणाली प्रिंट न्यायला आली तेव्हा भाऊसाहेब खुशीत होते. "गेली यादी! झकास काम केलंस."

"पण भाऊसाहेब, ती यादी म्हणजे..."

"दहाच पाहिजेत त्यांना. तू एकटी असतीस ना, तर विषय बंद आणि तू हिंदीला!" असं म्हणून ते पोटभर हसले.

प्रणालीला हसू आलं नाही. गावात तिच्या आईने, गोदूने, पोरगी आयटी शिकायला मुरुडला गेल्याचं घराघरात सांगितलं होतं. प्रणालीने उघडलेलं तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य स्वतः आयटीचा वर्ग बघायला वर आले. "बाकीचे कुठे आहेत?"

प्रणाली उभी राहिली. "एसटी चुकली, सर."

"नऊ जणांची?"

"एकच एसटी आहे, सर."

हे प्राचार्यांना पटलं. त्या गाडीचा अनुभव त्यांनाही होता. पण रोज गाडी चुकल्याचं सांगता येईना. तिसऱ्या दिवशी प्रणालीने चौघांना ताप आणला, पाचव्या दिवशी दोघांना मामाकडे पाठवलं. हेमालीचा घसा बसवताना तिला खरंच वाईट वाटलं. प्राचार्य हजेरीपत्रकावर खुणा करत आणि जाताना न चुकता म्हणत, "त्या प्रज्योतकडून काही शीक. चौऱ्याण्णव टक्के आहेत त्याला. तू एकसष्टवर समाधान मानू नकोस." आठवड्याच्या शेवटी त्यांनी प्रज्योतला वर्गप्रतिनिधी नेमलं आणि फलकावर त्याचं नाव लावलं. प्रणाली त्या फलकाखालून जाताना मान खाली घालायची.

आठव्या दिवशी शिस्तीचा प्रश्न आला. प्राचार्यांनी भाऊसाहेबांना पालकांना फोन लावायला सांगितलं. त्यांनी आधी मुलग्यांचे नंबर घेतले. पहिले दोन नंबर अस्तित्वात नव्हते. तिसऱ्यावर एका बाईंनी कोळंबी संपल्याचं सांगितलं. चौथ्यावर एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे शिकणारं कुणी राहिलं नाही हो. सगळे ठाण्याला. पण तुम्ही चौकशी केलीत, बरं वाटलं." भाऊसाहेबांना त्यांच्याशी दहा मिनिटं बोलावं लागलं. पाचवा नंबर दिपालीच्या वडिलांचा. रेंज येत-जात होती.

"तुमची मुलगी... अकरावी... आठ दिवस गैरहजर!" भाऊसाहेब ओरडले.

पलीकडून आवाज आला, "उद्या घेऊन येतो तिला."

भाऊसाहेबांनी ही बातमी वर जाऊन प्रणालीला सांगितली. "तुझ्या मैत्रिणीला आणतायत उद्या. बाप कडक दिसतोय."

त्यानंतरचा सगळा दिवस प्रणालीच्या हातून एक ओळ धड लिहून झाली नाही. नसलेली दिपाली उद्या येणार होती.

आणि ती आली. दिवेआगरहून धर्माजी नावाचे गृहस्थ, अंगात पांढरा सदरा, वाडीतलं काम अर्धवट टाकून, दिघीहून बोटीने खाडी ओलांडून आले होते. त्यांच्यामागे सतरा वर्षांची, दोन वेण्यांची, डोळे फिरवत सगळं कार्यालय निरखणारी एक मुलगी होती. प्राचार्यांनी प्रणालीला ओळख पटवायला खाली बोलावलं.

"पोरीनं मला न सांगता नाव घातलं," धर्माजी म्हणाले. "दहावीपासून मागं लागली होती, कॉलेजला जायचंय म्हणून. मी न्हाय म्हटलं. एकटी पोर, रोज खाडी पार करनार, धाडू कशी? तर हिनं परस्पर..."

"तू आयटीला आहेस?" प्राचार्यांनी विचारलं.

मुलीने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे. "व्हय," ती म्हणाली.

"दिपाली ना?"

"घरात केसर म्हनतात."

आपण रचलेलं नाव त्या मुलीने आपलं म्हणून घेतलेलं प्रणाली बघत राहिली.

"बघा! कबूल केलं!" धर्माजींचा आवाज चढला. "घरात माझ्यासमोर खोटं बोलतेस? आई नसताना वाढवली तुला, ती यासाठी?" केसर मान खाली घालून ऐकत राहिली. न केलेल्या गुन्ह्याची बोलणी ती निमूटपणे खात होती, कारण त्या गुन्ह्याच्या पलीकडे कॉलेज होतं. तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी फरशीवर पडायला लागलं, तेव्हा मात्र प्रणालीला राहवलं नाही.

"काका, तिला बोलू नका. तिनं काही केलं नाही. सर, ही दिपाली नाही. दिपाली कुणीच नाही. मी प्रात्यक्षिकासाठी नावं रचली होती."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला आणि परत घातला.

"आणि प्रज्योत?" प्राचार्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तोही नाही, सर."

"पण त्याला मी वर्गप्रतिनिधी केलंय!"

"मला माहीत आहे, सर."

प्राचार्य खुर्चीत मागे टेकले. नऊ जण गेल्याचं दुःख त्यांना होतंच, पण प्रज्योतचं जाणं त्यांना जास्त लागलेलं दिसलं. "हे केलंस तरी का?" त्यांनी विचारलं.

"दहा जणांची माहिती लिहायची होती," प्रणाली म्हणाली, "आणि मी तर कुणालाच ओळखत नव्हते."

त्यांनी हजेरीपत्रक मिटून बाजूला ठेवलं.

धर्माजींचा चेहरा मात्र सैल झाला होता. "म्हंजे पोरीनं मला फसवलं न्हाय. चल गो, बोट चुकंल."

केसर जागची हलली नाही. डोळे पुसून म्हणाली, "आता आलोच हाय तर नाव घाला ना, बाबा."

"एकटी कशी धाडू? सांगितलं ना तुला."

"एकटी कुठे?" प्राचार्यांच्या डोक्यात संस्थेला लिहायचं दुसरं पत्र घोळत होतं. त्यांनी प्रणालीकडे बोट दाखवलं. "ही आहे ना सोबतीला. आगरदांड्याच्या जेटीवर बोटीतून उतरवून घेईल, संध्याकाळी बसवून देईल. काय गं?"

सगळे प्रणालीकडे बघायला लागले. मुरुडला आल्यापासून तिला कुणी कुणाची सोबत म्हटलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली, जरा जास्तच वेळ.

धर्माजींनी दोन्ही मुलींकडे आळीपाळीने पाहिलं आणि खिशातून पेन काढलं. भाऊसाहेबांनी उशिराच्या प्रवेशाचा अर्ज इतक्या झटपट पुढे केला की त्यांना विचार बदलायला वेळ मिळाला नाही. संस्थेला दुसरं पत्र गेलं: आधीची यादी नजरचुकीने गेली होती, तथापि विषयाच्या पटसंख्येत एका आठवड्यात शंभर टक्के वाढ झाली आहे. शंभर टक्के हा आकडा संस्थेत कुणाला तरी आवडला असावा. वर्षअखेरपर्यंत विषय चालू ठेवण्याची परवानगी आली.

केसरचं नाव घातलं त्या दुपारी प्रणालीने वर जाऊन तक्ता उघडला. एकेक ओळ पुसताना संगणक दर वेळी विचारत होता, नक्की पुसायचं का? निकेत गेला, विनेश गेला. हेमालीपाशी तिचा हात थबकला, मग तीही गेली. नऊ ओळी जायला दोन मिनिटंही लागली नाहीत. खोली पूर्वीसारखीच रिकामी होती, पण आता ती जास्त रिकामी वाटली.

सोमवारी केसर आली. आल्या आल्या तिने चारही संगणक चालू करून पाहिले, प्रणालीच्या पुढ्यातला माउस ओढून घेतला आणि म्हणाली, "माझा अडकतो. तू तो घे."

"अगं, हा मी दोन महिने वापरतेय."

"मग आता दुसरा वापर. आनि हे पान काय असं केलंस? रंग बघ, शेवाळ्यासारखा."

"मला आवडतो तो रंग."

"डोळं तपासून घे."

प्रणाली खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसली. यादीतल्या नऊ जणांपैकी एकही तिच्याशी असं कधी वागला नव्हता. कान गरम झाले होते. असं कुणावर तरी रुसून बसायला किती महिने झाले हे तिला आठवेना.

मागून माउसची टकटक ऐकू येत राहिली. मग ती थांबली.

"रुसलीस व्हय?" केसरने विचारलं. "खुशाल रुस. पन आधी सांग, हे सेव्ह कुठं करायचं?"

प्रणालीने सांगितलं. तोंड मात्र खिडकीकडेच ठेवलं.