काहीच न करण्याचा इलाज

दुपारी जावई गाडी घेऊन येणार होते आणि तोपर्यंत घर थंड झालं नाही, तर बाई आपल्या थोरल्या बहिणीकडे निघून जाणार होत्या. रागानं नव्हे. रागावलेल्या माणसाची निदान समजूत काढता येते. त्या उकाड्याला कंटाळून जाणार होत्या, आणि उन्हाळा सरेपर्यंत काही परत येणार नव्हत्या.

"ताईकडे कसं गारेगार असतं," कपड्यांच्या घड्या घालता घालता त्या म्हणाल्या. "तुम्ही बसा इथं पुस्तकं वाचत. तुम्हाला कुठं काय जाणवतंय!"

त्यांच्या यजमानांना, म्हणजे निवृत्त ग्रंथपालांना, सगळं जाणवत होतं. सदरा पाठीला चिकटला होता आणि चष्मा घामानं नाकावरून घसरत होता. पण त्याहून जास्त जाणवत होतं ते हे, की आता सगळा उन्हाळा या घरात आपल्याला 'अहो' म्हणणारं कोणी असणार नाही. हे बोलून दाखवणं शक्य नव्हतं. संसाराच्या इतक्या वर्षांत त्यांनी असलं वाक्य एकदाही उच्चारलं नव्हतं. या वयात उच्चारलं असतं, तर बाईंनी त्यांना आधी डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून ते मुकाट्यानं उठले आणि थर्मोस्टॅटसमोर जाऊन उभे राहिले.

थर्मोस्टॅट म्हणजे हॉलच्या भिंतीवरची साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी. घरभरचा एसी तिच्या हुकमतीत. ती सांगेल तेव्हा चालायचं, सांगेल तेव्हा थांबायचं. सकाळपासून तिचा पडदा कोरा होता. ग्रंथपालांनी भीत भीत मेकॅनिकला फोन लावला.

"सेल बदला," मेकॅनिक म्हणाला. मागं कुठंतरी ड्रिल चालू होतं.

ग्रंथपालांनी सेल बदलले. पडद्यावर आकडे उमटले आणि कोपऱ्यात बर्फाची एक चांदणी लुकलुकायला लागली. एसी मात्र ढिम्म.

"चांदणी लुकलुकतेय ना? मग झालं," मेकॅनिक म्हणाला. "वीज गेल्यावर किंवा सेल बदलल्यावर ते यंत्र जरा दम खातं. चांदणी स्थिर झाली की आपोआप सुरू होईल."

"मग आता मी काय करू?"

"काही करू नका."

"म्हणजे नक्की काय काय करू नको?"

"काका, कशालाच हात लावू नका. तुमचं मॉडेल जुनं आहे. दम खात असताना एक बटण जरी दाबलं, तरी ते पुन्हा पहिल्यापासून दम खायला लागतं. नुसते बसून राहा."

ग्रंथपालांचा कानांवर विश्वास बसेना. उभ्या आयुष्यात प्रथमच घरातल्या एखाद्या कामासाठी नेमकी त्यांच्याच अंगी असलेली कला लागत होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि डबीसमोर बैठक मारली.

तेवढ्यात बाई बाहेर आल्या. "काय करताय?"

"काही नाही."

"ते दिसतंयच," बाई म्हणाल्या आणि जाता जाता त्यांनी एक बटण दाबलं.

"अगं! दाबू नकोस! मेकॅनिक म्हणाला, काही करायचं नाही."

"असं म्हणाला? काही करायचं नाही?" बाईंनी कमरेवर हात ठेवले. "इतक्या मोठ्या गावात तुम्हाला बरा तुमच्यासारखाच मेकॅनिक सापडला!"

नळ गळत असताना, फ्यूज उडालेला असताना, कपाटाचं दार निखळून लोंबत असताना ग्रंथपाल 'थोडं थांबून बघू' असंच म्हणत आले होते. इतकी वर्षं जे चुकीचं होतं, ते आज अचानक बरोबर झालंय, हे पटवायचं कसं? त्यांनी चांदणीकडे पाहिलं. ती नव्यानं लुकलुकत होती.

मग त्यांना आपला धंदा आठवला. त्यांनी एका कागदावर ठसठशीत अक्षरांत 'कृपया हात लावू नये' असं लिहिलं आणि तो डबीखाली चिकटवला. खरं तर त्यांना स्वतःलाच याची फारशी आशा नव्हती. ग्रंथालयात 'शांतता राखा' या पाटीखालचंच बाक गप्पा मारायला सगळ्यांत सोयीचं समजलं जाई. तरीही ते पाणी प्यायला आत गेले. परत येतात तो बाई ओल्या फडक्यानं डबी पुसत होत्या.

"किती धूळ ही! तुमचा कागद बघायला जवळ आले म्हणून दिसली तरी."

फडक्याखाली बटणं कुई-कुई करत होती. चांदणी पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर बाईंनी शेजारच्या इंजिनियरना बोलावलं. त्यांनी नोकरीत असताना पूल बांधले होते, आणि पूल बांधणाऱ्याला डबी ती काय, असा त्यांचा एकूण आविर्भाव होता.

"वहिनी, यंत्राशी गुळमुळीत वागून चालत नाही," असं म्हणत त्यांनी डबीचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, झाकण लावलं आणि वर एक चापट दिली.

"मेकॅनिक म्हणत होता की जरा थांबलं तर—" ग्रंथपालांनी सुरुवात केली.

"थांबून कधी पूल झालाय का, ग्रंथपाल?" इंजिनियरनी मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला आणि तापमानाचा आकडा थेट सोळावर नेऊन ठेवला. "आपली गरज किती आहे हे त्यालाही कळू दे."

त्याला काही कळलं नाही. मग इंजिनियरनी अधूनमधून येऊन एकेक बटण दाबायचा सपाटा लावला. त्यांची पाठ वळली की बाई दाबत. ग्रंथपाल खुर्चीत बसून दोघांकडे पाहत होते. माहिती होती, इलाज होता, धीर तेवढा नव्हता. घामानं आणि शरमेनं ते अगदी गळून गेले.

एवढ्यात जावई आले. पाणी पिण्याआधीच त्यांची नजर डबीकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदाच ग्रंथपाल हिय्या करून उठले आणि डबीला पाठ लावून उभे राहिले.

"बाबा, जरा सरकता का? मी बघतो."

"नाही... म्हणजे... तुम्ही दमून आलात, बसा ना आधी."

"अहो, जावई एवढं म्हणतायत आणि तुम्ही आडवे काय येताय?" बाई कडाडल्या.

जावयाला नाही म्हणायची सोय कोणत्याच सासऱ्याला नसते. या सासऱ्याला तर भाजीवाल्यालाही नाही म्हणता येत नसे. ते सरकले. जावयांनी आपला मोबाइल काढला, डबीवरची सगळी बटणं क्रमानं दाबली, मग उलट्या क्रमानं दाबली, आणि गंभीरपणे म्हणाले, "हे संपलेलं आहे."

"झालं!" बाईंनी पदर खोचला. "चला, निघू या."

सगळेच खाली उतरले. इंजिनियर बॅग धरायला, जावई डिकी उघडायला, आणि ग्रंथपाल कशाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. बाई गाडीत बसल्या. आता काहीतरी बोलायलाच हवं होतं. ग्रंथपालांनी घसा साफ केला.

"दूध कुठल्या पातेल्यात तापवू?"

"लहान. दांडीच्या."

"आणि साखर?"

"डोळ्यांसमोर आहे, ओट्यावर."

"आणि वॉशिंग मशीनचं ते... गोल फिरवायचं असतं ते, कोणत्या बाजूला?"

"उजवीकडे."

"माझ्या उजवीकडे की त्याच्या?"

गाडीचं इंजिन चालू होतं. जावयांनी ते बंद केलं. ग्रंथपालांना गॅसचा नळ, कुंड्यांना पाणी, इस्त्रीवाल्याचा वार, पायपुसण्याची सरळ बाजू असं एकेक आठवत गेलं. इतकी वर्षं जे विचारायचं सुचलं नव्हतं, ते सगळं त्यांनी गाडीच्या खिडकीशी वाकून विचारलं. इंजिनियर कंटाळून जिन्याच्या पायरीवर बसले. शेवटी ग्रंथपालांनी विचारलं, "आणि आपली कात्री कशी असते?"

"कात्री कशी असते?" बाई दार उघडून खाली उतरल्या. "चला वर! प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून दाखवते, मगच जाते. नाहीतर हा माणूस उपाशी मरेल आणि नाव माझं खराब होईल!"

त्या तरातरा जिना चढल्या. मागून बाकीचे. बाईंनी कुलूप काढून दार ढकललं, आणि थंडगार हवेचा झोत सगळ्यांच्या तोंडावर आला. रिकाम्या घरात, कोणी बोट लावायला नसताना, चांदणी शहाण्यासारखी स्थिर झाली होती.

"बघितलंत?" जावई म्हणाले. "उलट्या क्रमानं दाबल्याचा परिणाम."

"माझी चापट उशिरा लागू पडते," इंजिनियर म्हणाले. "पण पडते."

बाई घरभर फिरून आल्या, 'अहाहा' म्हणाल्या, आणि बॅग वर आणायला त्यांनी जावयांनाच पिटाळलं. ताईला फोन झाला. चहा झाला. पाहुणे गेले.

संध्याकाळपर्यंत घराचं शीतगृह झालं. आकडा सोळावर होता आणि डबीला हात लावायची आता कोणाचीच छाती नव्हती. बाईंनी शाल घेतली, मग मोजे चढवले.

"अहो, जरा वाढवायचा का आकडा?"

"पुन्हा बंद पडलं तर?" ग्रंथपाल हळूच म्हणाले.

बाईंनी हात शालीत ओढून घेतले. तेवढ्यात मेकॅनिकचा फोन आला.

"सुरू झालं का, काका? मग आता बिनधास्त वापरा. चालू असताना आकडा वर न्या, खाली न्या, काही होत नाही."

"बरं," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाला?" बाईंचे दात वाजत होते. शाल गुंडाळून त्या त्यांच्याच कोचावर येऊन, अगदी खेटून बसल्या होत्या.

ग्रंथपालांनी डबीकडे पाहिलं, मग समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"म्हणाला," ते म्हणाले, "उन्हाळा सरेपर्यंत अजिबात हात लावू नका."