सौर बोअरचे जाहीर आभार

मिरजगावच्या पुढं आमची वाडी. तिला सौर पंपाचा बोअर मंजूर झाला आणि योजनेच्या कागदात म्हटल्याप्रमाणे त्याला खरोखर पाणी लागलं. अशा प्रकारांची सवय नसल्यानं सुरुवातीला कोणी विश्वासच ठेवला नाही. लंकाबाईंची सून ज्योती, सातवा महिना लागलेला, ओढ्यापलीकडच्या विहिरीवरून हंडे आणायची. आता नळ दारात आला. लंकाबाईंनी पंपापुढं नारळ फोडला.

पण आमच्याकडं फ्लेक्स लावून आभार मानल्याशिवाय एखादी गोष्ट मिळाली असं धरत नाहीत. सरपंच रामहरींनी भला थोरला फ्लेक्स लावला. रस्त्यावरून दिसावा म्हणून सौर पॅनेलच्या बरोबर दक्षिणेला. वर साहेब हात जोडून, खाली रामहरी हात जोडून, त्याखाली घरटी एक शुभेच्छुक गॉगल लावून. साहेबांची सावली पॅनेलवर पडली आणि पाणी बंद झालं.

"सरपंच, त्यो बोर्ड जरा बाजूला घ्या," लंकाबाई म्हणाल्या. "पोरीला आता हंडा उचलवत न्हाई."

"काकू, ज्यांनी पानी दिलं त्यांनाच बाजूला करायचं?" रामहरी दुखावले.

इंजिनिअर आले. पाहणी करून त्यांनी शेरा मारला: 'सूर्याचा पुरवठा अपुरा व अनियमित.' उपाय म्हणून टँकर मंजूर झाला. तो अजून यायचा आहे. त्याच्या आभाराचा फ्लेक्स मात्र आला आणि उरलेलं पॅनेलही झाकलं गेलं.

लंकाबाईंनी ग्रामसभेत विषय काढला. रामहरी शांतपणे म्हणाले, "लोकशाही हाय. ज्यानं त्यानं आपापला फोटो फाडावा, माझी ना न्हाई."

कोणी उठेना. लंकाबाई लेकाकडं, बजरंगकडं बघत राहिल्या.

"आई," तो हळूच म्हणाला, "लग्नात बी एवढा झ्याक फोटो आला न्हवता माझा."

परवा वावटळीनं दोन्ही फ्लेक्स उपटून टाकले. पॅनेलवर ऊन पडलं, नळाला धार लागली, ज्योतीनं हंडा लावला. तेवढ्यात जन्मात कधी हंडा न उचललेले सगळे पुरुष दोर-बांबू घेऊन धावले. फ्लेक्स पुन्हा उभे राहिले. अर्धा हंडा काखेत घेऊन ज्योती ओढ्याकडं निघाली, तर बजरंग म्हणतो, "जाता जाता एवढा बांबू धर की." मला भयंकर संताप आला. पण दोर माझ्याही हातात होता. दुसऱ्या ओळीत माझाही फोटो आहे.

तिसऱ्या फ्लेक्सची छपाई चालू आहे. त्यात साहेबांच्या खांद्याशी एक गोल रिकामा ठेवलाय. आमची व्यथा तुम्ही एवढ्या आपुलकीनं वाचलीत, म्हणून तो खास तुमच्यासाठी. फोटो पाठवा. गॉगल लावलेला असला तर उत्तम.