अकरा मशीनवर एक ‘लुक’

चाकणच्या आख्ख्या औद्योगिक पट्ट्यात इंग्रजीतला ‘लुक’ माझ्याइतका कुणी ओळखत नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! दिसायला साधा आहे हो तो. पण त्याच्या मागे कोणता छोटा शब्द लागतो, यावर त्याचं सगळं चालतं. ‘ॲट’ लावा, नुसता बघेल. ‘फॉर’ लावा, शोधायला लागेल. ‘आफ्टर’ लावलं की सांभाळ करेल आणि ‘इनटू’ लावलं की थेट तपासाला बसेल! एवढं ज्ञान पोटात घेऊन मी, शरच्चंद्र, गाड्यांचे शाफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात एकोणीस वर्षं निमूटपणे फॉर्म भरत होतो.

आणि एक दिवस आमच्या मॅनेजरनं, ओंकारनं, मला केबिनमध्ये बोलावलं.

"सर, पंधरा दिवसांनी परदेशी ग्राहकातर्फे ऑडिट आहे. आपली माणसं कामात वाघ, पण इंग्रजी शब्द आला की गप्प! तुम्ही काहीतरी करा. ऑडिट बिनठपक्याचं गेलं, तर ट्रेनिंग ऑफिसरच्या जागेसाठी तुमचं नाव पाठवतो."

ट्रेनिंग ऑफिसर! वेगळं टेबल, दारावर नाव! घरी पिंपळे सौदागरला पोचल्या पोचल्या मी चित्राला, म्हणजे बायकोला, बातमी दिली. ती म्हणाली, "आधी पत्र हातात येऊ दे." तोवर मी सोसायटीच्या बागेत फिरणाऱ्या सगळ्यांना सांगून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी कामाला लागलो. रंगीत तक्ता केला. ‘लुक ॲट’ गेज, म्हणजे मापाकडे बघा. ‘लुक फॉर’ क्रॅक, म्हणजे शाफ्टला चीर आहे का शोधा. ‘लुक आफ्टर’ मशीन, मशीन सांभाळा. ‘लुक इनटू’ कम्प्लेंट, तक्रारीच्या मुळाशी जा. शेजारी चित्रं! वर लॅमिनेशन! अकरा प्रती काढून अकराही मशीनवर स्वतःच्या हातानं चिकटवल्या. आठवडाभर रोज शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं शिकवलंसुद्धा.

पहिल्या मशीनवर आमचे मारुतराव. वय चोपन्न, मूळचे इथलेच. आज कंपनीचं पार्किंग आहे, तिथं पूर्वी त्यांचा भुईमूग असायचा. त्यांनी तक्ता वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला.

"सायेब, ह्याच्यावर नंबर न्हाई."

"कसला नंबर?"

"डाक्युमेंट नंबर. मशीनवरच्या कागदाला नंबर लागतो, सही लागते. न्हाईतर त्यो कागद बेवारशी! तुमीच शिकीवलंय आमाला."

"मारुतराव, ही भाषा आहे! भाषेला कुठं नंबर असतो का?"

"ऱ्हायलं," म्हणाले आणि मशीन पुसायला लागले.

ऑडिटचा दिवस उजाडला. ऑडिटर वर्षाली मॅडम. आवाज मऊ, हातात वही. दुपारपर्यंत एक ठपका नाही! जेवणाआधी त्या पहिल्या मशीनपाशी थांबल्या आणि तक्त्याकडे पाहून गोड हसल्या. मी कौतुक झेलायला एक पाऊल पुढे झालो.

"छान आहे. डॉक्युमेंट नंबर?"

त्या क्षणी "मॅडम, हा इंग्रजी शिकायचा तक्ता आहे, आत्ता काढतो," एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. पण ट्रेनिंग ऑफिसर कधी तक्ता काढतो का?

"नंबर पडलाय मॅडम! नंबरवाली प्रत जेवणानंतर लागतेय!"

ओंकारनं माझ्याकडे असं पाहिलं की माझी भूकच मेली. मॅडम जेवायला गेल्या आणि आम्ही दोघं प्रिंटरकडे धावलो. नंबर टाकला, सही केली, ओंकारनंही दात-ओठ खात केली. अकरा मशीनवरचे अकरा तक्ते खरवडून नवे लावले. नखं गेली, पण अब्रू राहिली!

जेवून मॅडम परत आल्या. नंबर पाहिला आणि मान डोलावली.

"म्हणजे ही आता अधिकृत कार्यसूचना झाली. मग ऑपरेटर ती पाळत असणारच. दाखवा बघू."

इंग्रजीचा तक्ता पाळतात कसा? पण मॅडम मारुतरावांकडे वळल्याही होत्या.

"काका, ‘लुक ॲट’?"

मारुतरावांनी शांतपणे गेज डोळ्यांसमोर धरून माप वाचलं.

"‘लुक फॉर’?"

त्यांनी टॉर्च काढली, शाफ्ट बोटांनी हळूहळू फिरवला. "चीर न्हाई, मॅडम. दर धाव्या नगाला बगतो. ही नोंद."

"‘लुक आफ्टर’?"

तेलाची पातळी दाखवली, सकाळच्या साफसफाईची खूण दाखवली. माझा ऊर भरून यायला लागला.

"आणि ‘लुक इनटू’?"

मी डोळे मिटले. मारुतराव म्हणाले, "मागल्या मंगळवारी तक्रार आली, शाफ्टवर वरखडा येतोय. समदे म्हनले टूल खराब. मी दोन दिस मागं लागलो. टूल बरं व्हतं, शाफ्ट सरकतो त्या पट्ट्यावरचा येक बोल्ट वर आला व्हता. आवळला, वरखडा गेला. नोंद हाय."

मॅडमनी वही मिटून टाळी वाजवली! खरंच वाजवली! "असं उत्तर मला या वर्षात मिळालं नव्हतं. काका, तुम्हाला कुणी शिकवलं?"

आता मात्र मला थांबवणं देवालाही शक्य नव्हतं. "मी!" मी गरजलो. "मी शिकवलं!"

"वा! तुमचं स्वतःचं ट्रेनिंग या कार्यसूचनेवर कधी झालं? स्किल बोर्डवर तुमचं नाव दिसत नाही."

स्किल बोर्ड म्हणजे भिंतीवरचा फळा. प्रत्येकाच्या नावापुढे वर्तुळ. पाव भरलं तर माणूस शिकतोय, अर्धं म्हणजे देखरेखीखाली काम करू शकतो, पाऊण म्हणजे एकटा करतो आणि पूर्ण म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. त्यात मी कुठेच नव्हतो!

"मॅडम, तक्ता मीच लिहिलाय..."

"लिहिला असेल. पण शिकवणाऱ्याचं शिक्षण झाल्याची नोंद हवी."

संपूर्ण ऑडिटमध्ये एकच ठपका निघाला, तोही माझ्या नावाचा! उपाय म्हणून मॅडमनी लिहिलं: सदर व्यक्तीला सक्षम माणसाकडून प्रशिक्षण द्यावे. सक्षम माणूस अख्ख्या कंपनीत त्यांनी एकच पाहिला होता.

शनिवारी कॅन्टीनमध्ये वर्ग भरला. विद्यार्थी एक. मारुतराव खडू घेऊन उभे.

"सायेब, लुक म्हंजी बैल. त्यो जातो कुटं, ते कासरा कुनाच्या हातात हाय त्याच्यावर. ह्ये बारकं शब्द म्हंजी कासरं."

एवढं सोपं मला एकोणीस वर्षांत सुचलं नव्हतं! लेखी परीक्षेत मी पैकीच्या पैकी मिळवले. मग प्रात्यक्षिक. मारुतरावांनी टॉर्च आणि शाफ्ट हातात दिला. ‘फॉर’ लावल्यावर ‘लुक’चा अर्थ कसा बदलतो, हे मी शाफ्ट फिरवत चार मिनिटं समजावून सांगितलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं! शाफ्ट उत्तम आहे!"

त्यांनी माझं बोट धरून शाफ्टवर टेकवलं. केसाएवढी चीर होती.

सोमवारी ट्रेनिंग ऑफिसरचं पत्र निघालं, मारुतरावांच्या नावानं. सगळ्या लाइननं पेढे खाल्ले आणि पहिला पेढा मारुतरावांनी माझ्या तोंडात घातला. वाईट वाटलं का? वाटलं, खोटं कशाला बोलू! पण त्यांनी व्यवस्थापकांसमोर "आमचं गुरुजी" म्हणून मला पुढे ओढलं, तेव्हा दारावरच्या नावाची हौस तिथंच फिटली.

फळ्यावर माझंही नाव लागलंय. मोठ्या अभिमानानं फोटो काढून मी चित्राला पाठवला. तिनं तो मोठा करून पाहिला, वर्तुळ अर्धं भरलेलं दिसलं, खाली अर्थही वाचला आणि फोन केला.

"अहो, ‘देखरेखीखाली काम करू शकतो’? एवढे चांगले मार्क कसे काय दिले तुम्हाला?"