दगडावरची धारदार आत्या

आमच्या घराण्यात फोटोतलं कळणारी व्यक्ती एकच, आणि ती म्हणजे मी! हे मी नाही म्हणत, शाळेच्या जिन्यात लागलेला, मी काढलेला फोटो म्हणतो. (तो उलटा टांगलाय, पण त्याला मी काय करू?)

म्हणूनच देसांका आत्याने थडग्यावर कोरायचा आपला फोटो माझ्यावर सोपवला. घाबरू नका, आत्या ठणठणीत आहे! पण आमच्याकडे शहाणी माणसं दगड आधीच उभा करतात. नंतर नातेवाईक कसला फोटो लावतील, काय भरवसा? काळ्या ग्रॅनाइटवर डावीकडे आत्याचे दिवंगत नवरे ग्वोझ्देन काका हसताहेत, उजवीकडची जागा आत्याची.

"शेजारच्या मिलुंकाने दगडावर स्वतःला चाळिशीची करून घेतलंय," आत्या म्हणाली. "मला पस्तिशीची कर!"

"पण आत्या, फोटो आज काढायचाय ना?"

"मग? तुला सगळं येतं ना? मृतांच्या शनिवारी आपापल्या माणसांना आठवायला अख्खं गाव दफनभूमीत येतं, इस्क्रा. तिथे माझं हसं झालं तर बघ!"

एवढी मोठी जबाबदारी, आणि आमच्या कॉम्प्युटरचा स्क्रीन? त्यावर मांजर आणि मोजा एकसारखेच दिसायचे! मी बाबांना दुकानात ओढत नेलं.

"हा साधा घे की," बाबा म्हणाले. "रंग बरे दिसतात."

"बाबा, तुम्ही ट्रॅक्टर निवडा. स्क्रीन मी निवडते."

आणि मी निवडला दुकानातला सगळ्यात बारीक ठिपक्यांचा स्क्रीन! ठिपके इतके बारीक, की त्यावर सगळंच लोण्यासारखं मऊ. आत्याचा काढलेला फोटो लावला, तोही मऊ. मी शार्प करायची पट्टी थोडी सरकवली. काही फरकच नाही! अजून सरकवली. आत्या आपली मऊच. शेवटी पट्टी पार टोकाला नेली, तेव्हा कुठे जरा तरतरी आली. वा! मी फोटो शहरात राडोये दगडवाल्यांकडे पाठवला.

त्यांचा फोन आला. "पोरी, लोक धुरकट फोटो आणतात, म्हणून कोरण्याआधी मीही प्रत्येकाला दणकून शार्प करतो. तुझ्या फोटोलाही करू ना?"

"करा की, काका! जास्त असलं तर काय बिघडतं?"

काय बिघडतं ते शनिवारी कळलं.

सगळं गाव मेणबत्त्या, नैवेद्याचे उकडलेले गहू आणि राकिया दारूच्या बाटल्या घेऊन हजर, राडोये काकाही. आत्या नव्या रुमालात, नवरीच्या तोऱ्यात. मिलुंका मुद्दाम अगदी पुढे. आत्याने ऐटीत दगडावरची चादर ओढली.

देवा!

त्या सुरकुत्या नव्हत्या, नांगरट होती! वरच्या ओठावर अशी मिशी, की शेजारचे ग्वोझ्देन काका पोरगेले दिसायला लागले. एकेक केस सुटा, मोजून घ्यावा असा! आणि अति शार्प केल्यामुळे डोक्याभोवती उमटलेली पांढरी कड, थेट चर्चमधल्या संताच्या प्रभावळीसारखी.

मिलुंकाने छातीवर क्रूसाची खूण केली. "अगंबाई! ही तर स्तानोयका!"

स्तानोयका म्हणजे आत्याची सासू. जिला आत्याने भांडून दफनभूमीच्या पार कुंपणाच्या टोकाला पुरायला लावलं होतं, तीच!

"देसांका, किती गं मोठं मन तुझं!" मिलुंकाने डोळे पुसले. "शेवटी सासूला लेकाशेजारी आणलंस!"

झालं! बायकांची रांग लागली. कुणी आत्याची पापी घेतेय, कुणी दगडापुढे मेणबत्ती लावतेय, कुणी "हुबेहूब गं!" म्हणतेय. आत्याचा चेहरा दगडापेक्षा काळा.

"राडोये!" ती गरजली. "पुसून टाक हे!"

"बाई, कोरलेलं पुसता येत नाही. अख्खी पाटी घासावी लागेल. मग ग्वोझ्देनही जाणार."

आत्याने काकांकडे पाहिलं. काका हसतच होते.

"बघा, हसतोय! जिवंतपणीही आईचीच बाजू घ्यायचा मेला! राहा म्हणावं तिच्याबरोबर. मी इथे येणारच नाही!"

आणि खरंच, आत्याने न मरायचा चंगच बांधलाय! डुकराची चरबी बंद, सिगारेट बंद, रोज सकाळी टेकडीवर चढून जाते. रक्तदाब पोरींसारखा झालाय.

"डॉक्टरला जमलं नाही ते तू केलंस," बाबा म्हणाले.

मी फुगले. "मग आत्या खूश असेल ना माझ्यावर?"

"खूप! ती उजवीकडची जागा तिने तुझ्या नावावर करायची ठरवलीय. म्हणते, फोटोही बदलायला नको, पोरगी थेट आत्यावर गेलीय."

मी धावत जाऊन आरशात पाहिलं. वरच्या ओठावर जरासं... छे! उजेडच कमी होता!