गिरणीला हात कुणी लावला?

“आई, गिरणीला हात लावला होतात का?” सृष्टीने विचारलं.

“मी कशाला हात लावू? मला दुसरी कामं नाहीत?” कौशल्याबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

धायरीतल्या त्यांच्या बाल्कनीत उभी होती ती पिठाची घरघंटी. पण अशीतशी नव्हे. तिच्या पोटातली हिरवी पट्टी आणि त्या पट्टीवरची नखाएवढी चिप जे काय डोकं चालवते, ते कौशल्याबाईंच्या सुनेने, सृष्टीने, खराडीच्या ऑफिसात बसून घडवलेलं होतं. बिल्डिंगमध्ये हे ज्याला माहीत नव्हतं तो एकतर बहिरा होता, नाहीतर कालच राहायला आलेला. लेक-जावयाच्या अमेरिकेचं कौतुक सांगणाऱ्या प्रेमलाताईंना तर त्यांनी जिन्यातच गाठलं होतं. “असतील हो अमेरिकेत. पण गिरणी करता येते का त्यांना?”

आणि ती गिरणी दळता दळता मध्येच बंद पडायची. ऑफिसात कधीच नाही, धायरीत मात्र सारखी. आज दुपारी उत्तरेश्वर सर, म्हणजे सृष्टीचे साहेब, व्हिडिओवर येणार होते. गिरणी का थांबते ते आज दाखवता आलं नाही, तर गिरणीचं काम दुसऱ्या टीमकडे जाणार होतं. म्हणजे गिरणी राहणार, सुनेचं नाव जाणार. मग जिन्यात कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

म्हणून सृष्टीने ऑफिसातून काडेपेटीहून जराशी मोठी अशी एक काळी डबी आणली होती. तिचं नाव डीबग प्रोब. डबीतून निघालेली पट्टीसारखी केबल तिने गिरणीच्या पोटात जोडली.

“हिचं काम काय?” कौशल्याबाईंनी विचारलं.

“चिप चालू असताना काय काय करते, ते एकूण एक त्याच क्षणी लॅपटॉपवर दिसतं. ट्रेस म्हणतात त्याला.”

“म्हणजे चुगली करते म्हण की.”

“तसंच समजा.”

पण चुगली काही धड येईना. थांब म्हटलं की चिप थांबायची, चाल म्हटलं की चालायची. चालताना काय करते ते विचारलं की लॅपटॉपवर नुसता कचरा. सृष्टीने ट्रेसचा वेग कमी केला. ट्रेसच्या चार तारा चुकून गिरणीवरच्या दिव्यांच्या कामाला तर जुंपल्या नाहीत ना, ते तपासलं. प्रोग्राम परत भरला. कचरा तो कचराच.

“तारेत घोळ असेल,” ऑफिसातला अभिनव फोनवर म्हणाला. “थांबवायला-चालवायला दोन तारा पुरतात, त्या ठीक आहेत. ट्रेसच्या चारातली एक जरी नीट टेकली नाही तरी सगळा डेटा गंडतो. केबल बदलून बघ.”

लगेच सासऱ्यांना, तात्यारावांना, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पिटाळण्यात आलं. ते गेले, पार्किंग शोधलं, केबल घेतली, आणि यायला उशीर का झाला याचं उत्तर तयार ठेवूनच आले.

“बुधवारात जाऊन दगडूशेठला नमस्कार न करता येऊ?”

“आणि प्रसादाचा पेढा?” कौशल्याबाईंनी हात पुढे केला. डॉक्टरांनी तात्यारावांचं गोड बंद केलेलं होतं.

“वाटेत एकाला दिला.”

“त्या एकाच्या मिशीला लागलाय, पुसा.”

सृष्टी नवी केबल टेबलावर ठेवून तोंडावर पाणी मारायला गेली. परत येते तर सासूबाई केबलवर ओणवलेल्या, आणि त्यांची बोटं लाल-पिवळी.

“आई! काय करताय?”

“काय म्हणजे? नवी वस्तू आहे. हळदकुंकू नको लावायला? सकाळी त्या पहिलीलाही लावलं होतं.”

“कुठे?”

“तोंडाला. पायाला लावतात होय?”

केबलच्या तोंडातल्या बारक्या भोकांत ओलं कुंकू जाऊन बसलं होतं. सृष्टीने डोळे मिटून घेतले.

“मी तुम्हाला सकाळी विचारलं होतं ना, हात लावलात का म्हणून?”

“हात कुठे लावला? कुंकू लावलं!”

दात घासायचा जुना ब्रश आला, स्पिरिट आलं. सृष्टीने केबल घासून फुंकून जोडली, आणि लॅपटॉपवर ओळींमागून ओळी धावू लागल्या. नेमके तेव्हाच पडद्यावर उत्तरेश्वर सर उगवले. गिरणीत ज्वारी पडली. घरघर सुरू झाली. सृष्टी लॅपटॉपकडे तोंड करून सरांना समजावत होती, अन् गिरणी खटकन बंद पडली.

“हे बघा सर!” सृष्टी ओरडलीच. “इथे गिरणीचं दार उघडलं. दार उघडलं की मोटर थांबवायची, तशी चिपने थांबवली. ती थांबवण्यात गुंतलेली असतानाच दार परत लागलं. तिला ते कळलंच नाही. आता दार लागायची वाट बघत बसलीये.”

“पण ऑफिसात आम्ही दार कितीदा उघडून पाहिलं,” सर म्हणाले. “इतक्या झटक्यात उघडून लावेल कोण? आणि आत्ता दार उघडलं कुणी?”

तात्याराव पंख्याकडे बघू लागले. कौशल्याबाई गिरणीपाशी उभ्या होत्या, चिमटीत पीठ.

“आई, हात लावलात?”

“हात कशाला लावू? पीठ बघितलं! बारीक पडतंय का ते बघायला नको? रोजच बघते.” मग पडद्याकडे वळून, “आणि साहेब, भाकरी उलटणारा हात आहे हा. तुमच्या ऑफिसातल्यासारखा संथ नाही.”

सर इतके हसले की चष्मा काढावा लागला. प्रोग्राममधली चूक त्यांच्यासमोरच दुरुस्त झाली. कौशल्याबाईंनी सगळ्यांदेखत दार हवं तितक्या झटक्यात उघडलं-लावलं, गिरणी दर वेळी थांबली आणि मुकाट्याने पुन्हा चालू झाली. गिरणीचं काम सृष्टीकडेच राहिलं.

संध्याकाळी जिन्यात प्रेमलाताई पुन्हा सापडल्या.

“मला पकडलं हो तिने!” कौशल्याबाई छाती फुगवून सांगत होत्या. “मला! सासूबाईंना जमलं नाही, ह्यांना उभ्या जन्मात जमलं नाही. पाठमोरी बसून पकडलं. सून आहे माझी!”

घरी येऊन त्यांनी ती काळी डबी पदराने हलकेच पुसली. या वेळी कुंकू पाठीला लावलं, विचारून.

“सृष्टी, ही लाडवाच्या डब्याला जोडता येते का गं?”

“मी हात नाही लावला,” आतल्या खोलीतून तात्याराव म्हणाले.