चाळीस डोकी, बराबर!

पुसेगावात कुणाचं काही अडलं तर लोक तलाठ्याकडे जातात, डॉक्टरकडे जातात, फार तर सरपंचाकडे जातात. संपतरावांकडे कुणी जात नाही. संपतराव स्वतःच येतात!

जगाच्या इतिहासातल्या अजब पण खऱ्या गोष्टी त्यांच्या मोबाइलवर रोज पहाटे उतरतात आणि दुपारपर्यंत गावातल्या कुणाच्या तरी ओसरीवर, बोलावणं नसताना, पोचलेल्या असतात. एकदा मयताच्या घरी बसून त्यांनी सांगितलं की, रोमच्या एका पोपला मेल्यावर थडग्यातून उकरून खुर्चीत बसवलं होतं आणि त्याच्यावर रीतसर खटला चालवला होता! ते ऐकून मयताच्या पोरांनी बापाला उचलायची जी घाई केली, ती आधी कुणालाच नव्हती.

घरात शेरडं-मेंढरं होती. ती नर्मदाबाई चारत असे. नवरा सांगेल तो इतिहासही तीच ऐकत असे. शेरडांना निदान रानात जायची मोकळीक होती.

तर पुतण्याचं, शिवहारचं, लग्न ठरलं. औंढ्याकडची सोयरीक संपतरावांनीच जमवलेली, त्यामुळे वऱ्हाडाची जबाबदारी त्यांनी कुणी न देता घेतली.

"एक माणूस मागं ऱ्हायला तर नाव बदलीन!" त्यांनी मांडवात छाती ठोकली. "युरोपात लिख्टेनश्टाइन म्हनून एक देश हाये. आपल्या तालुक्यापेक्षा ल्हान! अठराशे सहासष्टला त्यांची फौज लढाईला गेली. माणसं गेली ऐंशी, वापस किती आली?"

"किती?" शिवहारनं विचारलं. नवरदेव होता, बिचाऱ्याला पळता येत नव्हतं.

"एक्क्याऐंशी! वाटंत दोस्ती झाली, एक जन वाढला! मोजनी अशी पायजे! आमी चाळीस नेतो, चाळीस आनतो. बराबर!"

शिवाय फौज म्हटली की गणवेश आला. संपतरावांनी हिंगोलीच्या बाजारातून वऱ्हाडातल्या सगळ्या बायकांसाठी एकाच जांभळ्या रंगाच्या साड्या उचलल्या. लांबूनही आपलं माणूस ओळखू यावं ही योजना! एवढी दूरदृष्टी लिख्टेनश्टाइनच्या राजालाही सुचली नव्हती. मात्र दुकानदाराकडे त्या साड्यांचे अजून बरेच गठ्ठे होते आणि लग्नसराई एकट्या पुसेगावचीच नव्हती, हे संपतरावांच्या ध्यानात आलं नाही.

लग्न नीट लागलं, ही संपतरावांच्या दृष्टीनं किरकोळ बाब होती. परतताना नवरा-नवरी जीपमधून पुढे गेले आणि वऱ्हाडाची बस दर्शनासाठी नरसीला थांबली. तिथं आधीच तीन वऱ्हाडं उतरलेली. नामदेवांच्या देवळासमोर नुसती गर्दी! तासाभरानं संपतरावांनी बसच्या दारात उभं राहून डोकी मोजली. पदर घेतलेली पुढे, टोप्या मागे. एक कमी!

"काहून थांबली गाडी?" मागून ओरडा झाला.

"थांबा! इथं इतिहास घडून राहिला!" असं म्हणून ते धावत देवळाकडे गेले. पायरीवर एक बाई पाठमोरी बसली होती. जांभळी साडी, डोक्यावर पदर. संपतरावांचं डोकं तडकलं.

"आगं ए! चल की! तुझ्यापायी सारं वऱ्हाड अडून बसलंय!"

बाई दचकली. क्षणभर बसली, मग मुकाट्यानं उठून त्यांच्यामागे आली. संपतराव पुढे, ती मागे. वळून बघायचं कारण नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यांनी कधी वळून पाहिलं नव्हतं. बसमध्ये चढताच त्यांनी आरोळी ठोकली, "चाळीस! बराबर! ऑस्ट्रेलियाची फौज मशीनगन घेऊन इमू पाखरांशी लढली आन् हरली! आन् आपून एकबी माणूस हरवलं न्हाई!"

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या बाजेवर बसून त्यांनी नेहमीप्रमाणे घराच्या दिशेनं हाक टाकली, "आगं ए, चहा!"

चहा आला. पण आणणारी बाई अनोळखी! साठीच्या पुढची, ठणठणीत, कपाळ मोकळं.

"दात घासले का?" तिनं विचारलं.

"न... न्हाई."

"मंग चहा कसा मागता? उठा!" आणि कप परत घेऊन ती आत गेली.

संपतराव गोंधळले. ही कोण? मग डोक्यात उजेड पडला. पाठराखीण! नवरीसोबत माहेरची एक बाई सासरी येते, तीच ही असणार. नावही कळलं, धुरपताबाई. आता अशा बाईला "तुमी कोन?" असं विचारणं म्हणजे नवरीच्या माहेराचा अपमान. आणि नवरीचा बाप जळबाजी हा असा माणूस की, मानाची टोपी डोक्यावर घट्ट बसली म्हणून एका लग्नातून जेवणाआधी उठून गेला होता! सोयरीक संपतरावांची, नाक संपतरावांचं. त्यांनी तोंड मिटलं. असा प्रसंग इतिहासात क्वचितच येतो.

तिकडे नवरी रागिणीला वाटलं, ही सासरची कुणी मानाची आत्या असेल. तिनं सकाळीच पाया पडून घेतलं. झालं! एका बाजूला वाटतंय ती त्यांची, दुसऱ्या बाजूला वाटतंय ती ह्यांची, आणि मधे धुरपताबाईंचं राज्य सुरू! त्यांनी वरणातलं तिखट कमी करायला लावलं, नवरदेवाला केस कापून यायला पिटाळलं, शेरडांना उन्हातून सावलीत बांधलं. सगळे "व्हय जी, व्हय जी" करत राहिले. संपतरावांनी नवरीला खूश करावं म्हणून स्ट्रासबुर्ग शहरात लोकांना नाचायचा रोग कसा लागला होता ते सांगायला घेतलं, तर धुरपताबाई म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या, पानी भरा."

आणि संपतरावांनी पाणी भरलं!

"तुह्या काकूला इचार ही बाई किती दिस ऱ्हाणार," त्यांनी शिवहारला गुपचूप सांगितलं.

"काकू कुठाय?"

"आसंल घरात. जाती कुठं!"

तेवढ्यात मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. कालपासून तोच नंबर सारखा येत होता. संपतरावांनी पुन्हा कापला. "अनोळखी फोन उचलला की मानूस लुटला जातो," त्यांनी पुतण्याला शिकवलं.

दुपारी जळबाजी लेकीला माहेरी न्यायला आले. संपतरावांनी ठरवलं, हीच वेळ! पाठराखिणीचा असा मान करायचा की जळबाजी गार पडले पाहिजेत. सगळ्यांसमोर धुरपताबाईंना पाटावर बसवून साडी आणि नारळ दिला.

"ह्या कोन?" जळबाजींनी विचारलं.

"हे काय जी! तुमची पाठराखीण!"

"आमची? आमी कुनालाच धाडलं न्हाई. माझ्या बहिनीचे पाय दुखून राहिले म्हनून न्हाई जमलं." जळबाजींचा आवाज चढला. "हां! म्हंजे धाडली न्हाई म्हनून भर मांडवात टोमना मारून राहिले तुमी? परकी बाई पाटावर बसवून?"

"न्हाई न्हाई, जळबाजी! अशा बारक्या गोष्टीवरून भांडन नको. एका मानसाचा कान कापला म्हनून इंग्लंड आन् स्पेनची लढाई झाली होती!"

"कान?" जळबाजींचा हात कानाकडे गेला. "आता माझा कान कापायची भाषा? रागिणी, पिशवी भर!"

रागिणी रडू लागली. शिवहार अर्धे केस कापलेल्या अवस्थेत धावत आला. संपतरावांनी जमवलेली एकुलती एक सोयरीक दुसऱ्याच दिवशी मोडत होती. पहिल्यांदाच त्यांना इतिहासातलं काही आठवेना. ते धुरपताबाईंपुढे हात जोडून उभे राहिले.

"मावशी, पाया पडतो. तुमी हायेत तरी कोन? आल्या कशा?"

"कशा म्हंजे? तुमीच आनलं की!" धुरपताबाई शांतपणे म्हणाल्या. "म्या रिसोडकडच्या वऱ्हाडातली. नरसीला पायरीवर बसले व्हते. तुमी आले आन् म्हनले, आगं ए, चल की!"

"आन् तुमी आल्या?"

धुरपताबाईंनी नारळ मांडीवर फिरवला. "माझे मालक गेल्यापासून कुनी तसं म्हनलं न्हवतं, बाबा. सारे मावशी म्हंतात, आजी म्हंतात. आगं ए म्हननारा एकच व्हता. पाय आपोआप उठले. बसमदी बसल्यावर कळलं, गाडी दुसरी हाये. पन तवर तुमी चाळीस बराबर म्हनून ओरडून राहिले व्हते. म्हनलं, काहून बिघडवा!"

जळबाजींनी कानावरचा हात खाली घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण डोकं चालू होतं.

"एक सांगा संपतराव. तुमी आगं ए कुनाला म्हंता?"

"बायकोला की!" संपतराव म्हणाले. मग हळूहळू त्यांचा चेहरा उतरत गेला.

तेवढ्यात शिवहारचा फोन वाजला. तोच अनोळखी नंबर! त्यानं स्पीकर लावला.

"शिवहार, बाळा, काकू बोलून राहिले," नर्मदाबाईचा आवाज आला. "रिसोडकडं हाये. ह्या लोकायची एक म्हातारी हरवली, तिला हुडकताना म्या सापडले. चांगली हायेत मानसं. रात्री मला गादीवर निजवलं, आयतं खाऊ घातलं. तुह्या काकाला कालपासून फोन लावून राहिले, ते कापून राहिले. त्यायनं जेवन केलं का?"

"कुनाच्याच ध्यानात कसं न्हाई आलं?" शिवहार ओरडला.

बायकांना वाटलं होतं, काकू जीपमध्ये असेल. जीपवाल्यांना वाटलं होतं, बसमध्ये असेल. संपतरावांना तर काहीच वाटलं नव्हतं.

जळबाजी हसत सुटले. इतके हसले की मानपान, टोमणा, कान सगळं विसरून जेवायला बसले. सोयरीक वाचली! पोरीचा चुलतसासरा बायको विसरून येतो, हे एकदा कळल्यावर अशा माणसावर रागवायचं तरी काय?

दोन्ही बायांची अदलाबदल संध्याकाळी नरसीला ठरली. सगळी वाट धुरपताबाईंनी संपतरावांना एकच गोष्ट बजावली. "आता आगं ए म्हनू नका. निम्मं नरसी उठंल. नावानं हाक मारा."

"नावानं? बायकोला? चारचौघांत?"

"तोंड हाये न्हवं!"

नर्मदाबाई देवळासमोरच्या हॉटेलात रिसोडच्या पाहुण्यांमध्ये बसून बशीतला चहा पीत होती. संपतरावांनी घसा साफ केला. कान लाल झाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हाक मारली, "नर्मदा!"

तीन बायकांनी वळून पाहिलं. तिनं नाही.

"नर्मदा! ए नर्मदा!"

ती चहाच पीत राहिली. शेवटी संपतराव पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"कवाचा हाका मारून राहिलो! ऐकू येत न्हाई का?"

"आली की ऐकू," नर्मदाबाई बशी खाली ठेवत म्हणाली. "आवाज तुमचाच वाटला. पन म्हनलं, ह्या वयात ही नर्मदा कोन काढली ह्यांनी!"